आबांचे दहा रुपये

अगं, तुझा प्रश्न साधा आहे. पोराची शाळेची पॅन्ट एका वर्षात दोनदा बदलावी लागली, तर तो जाड होतोय की नुसता अंगानं भरतोय? आणि उत्तर येण्याआधीच तू सासूबाईंचं म्हणणंही सांगून टाकलंस, की खात्यापित्या घरचं लेकरू असंच दिसतं. बाई, तुम्ही दोघी डोळ्यांनी मोजताय. आईला आपलं लेकरू कायम वाळलेलंच दिसतं आणि आजीला तर ते कितीही खाल्लं तरी उपाशीच दिसतं. म्हणून आधी मापायला शिक.

एक साधा दोरा घे, करदोड्याचा चालेल. पोराला भिंतीला टेकवून उभा कर आणि टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा ताणून तेवढाच कापून घे. आता त्याची मधोमध घडी घाल. ही अर्धी लांबी त्याच्या पोटाभोवती, बेंबीच्या किंचित वर, श्वास सोडल्यावर सैलसर फिरव. दोन्ही टोकं भेटली तर तूर्त काळजी नाही. टोकं भेटत नसतील, मधे दोन बोटांचं अंतर राहत असेल, तर पोटावर चरबी साठायला लागली असं समज. पोराची उंची 126 सेंटीमीटर असेल तर पोटाचा घेर 63 च्या आत हवा, इतका हा सोपा हिशोब आहे. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या लेकरांना तो लागू पडतो. त्याहून लहानांसाठी अंगणवाडीतला वजन-उंचीचा तक्ता बरा. मुंजीच्या वयापर्यंत आपल्याकडं पोरांच्या कमरेला करदोडा असायचा आणि तो काचायला लागला की आजी गाठ सैल करायची. आता सगळ्या पॅन्टी इलॅस्टिकच्या. इलॅस्टिक ताणतच जातं आणि घरात कुणाला काही कळत नाही.

दुसरं, त्याची मान बघ. मागून, केसांच्या खाली. तिथली कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झालीय का? काखेत पण तसंच आहे का? कितीतरी आया तो मळ समजून रविवारी घासणीनं घासतात, बेसन-हळद लावतात, पोरगं रडतं आणि डाग काही जात नाही. तो मळ नाही गं. शरीरात इन्सुलिन जास्त बनतंय पण नीट लागू पडत नाही, त्याची ती खूण असते. पुढं मधुमेहाकडं जायची वाट तिथून सुरू होऊ शकते. तशी मान दिसली तर घासू नकोस, डॉक्टरांना दाखव.

तुला वाटेल, हे सगळं पुण्या-मुंबईच्या लेकरांचं. साखरखेर्ड्यात, सोयाबीन आणि तुरीच्या गावात, कुठं आलाय लठ्ठपणा? आपल्याकडं तर वाळकी लेकरंच जास्त. खरं आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के लेकरं वयाच्या मानानं बुटकी निघाली. पण त्याच पाहणीत उंचीच्या मानानं जास्त वजनाची लेकरं 4.1 टक्के आहेत आणि आधीच्या पाहणीत ती 1.9 टक्के होती. चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, एक हडकुळं आणि एक गुबगुबीत. जगातही असंच चाललंय. युनिसेफनं 2025 साली सांगितलं, की 5 ते 19 वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांची संख्या पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा पुढं गेली.

आणि आपल्या माणसांचं एक वेगळंच आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी शोधून काढलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांची आणि त्यांच्या लेकरांची मापं घ्यायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाया. जन्मलेली बाळं सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान: पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. फक्त पाठीवरची चरबी तपासली तेव्हा ती मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच निघाली. म्हणजे दिसायला रोड आणि आतून चरबीवालं. 2004 साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. वजन-उंचीचं गणित दोघांचं सारखंच, 22.3. पण युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के!

हे तुला काहून सांगते? तुझा थोरला जन्मला तेव्हा अडीच किलोच्या आतबाहेर होता आणि मग सगळ्या घरानं ठरवलं की याला भरून काढायचं. दुधात साखर, दुधात पावडर, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात. बारीक जन्मलेल्या लेकराचं वजन नंतर उंचीला मागं टाकून भराभर वाढवलं, तर पुढं त्याच्या पोटावर चरबी साठण्याचा आणि साखर वाढण्याचा धोका वाढतो. बाळसं धरलेलं बाळ बघून सगळ्यांना आनंद होतो, दृष्ट काढतात, सुदृढ बालकाची बक्षिसं देतात. ठीक आहे, पहिल्या वर्षाचं बाळसं पोरगं चालायला-पळायला लागलं की उतरतं. सातव्या वर्षी ते तसंच असेल तर ते बाळसं नव्हे.

तू म्हणशील, पण ताई, हा जेवतच नाही. भाकरी पुढ्यात ठेवली की नाक मुरडतो. अगं, म्हणूनच. त्याचं जेवण कधीच झालेलं असतं, फक्त ताटात झालेलं नसतं. एक दिवस त्याच्या मागं मागं फिर आणि तोंडात काय काय जातं ते बघ. सकाळी चहा, त्यात बुडवून पाच-सहा बिस्किटं. क्रीमची असतील तर त्यांच्या वजनाचा तिसरा हिस्सा साखर. डब्यात दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया, कारण पोळी-भाजी तशीच परत येते. शाळेची गाडी चौकात सोडते, तिथं दुकान, तिथं एक वेफरचा पुडा. घरी येईपर्यंत दुसरा. असे दोन पुडे पोटात गेले की एका भाकरीइतक्या कॅलरी झाल्या, पण पोट भरलेलं नसतं आणि भूक मेलेली असते. संध्याकाळी पाहुणे आले की थंडा. अडीचशे मिलीच्या बाटलीत सहा चमच्यांहून जास्त साखर असते. आठ वर्षांच्या लेकराला दिवसभरात वरून घातलेली साखर चार-पाच चमच्यांपेक्षा जास्त नसलेली बरी. म्हणजे एका बाटलीत दीड दिवसाचं भागलं. आणि रात्री मोबाईल हातात देऊन तू घास भरवतेस. तो खातोय हे त्याला माहीतच नसतं, मग पोट भरलं हे तरी कसं कळावं?

ती दुधात घालायची पावडर तर माझ्या डोक्यातच जाते. डब्यावर पळणारा, उंच, हसरा मुलगा. डबा उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाच. बऱ्याच पावडरींत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साखर असते आणि वरून आपण आणखी एक चमचा घालतो. 2024 साली केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा काही प्रकारच नाही. तेवढ्या पैशांत महिन्याची अंडी येतात. अंडी चालत नसतील तर शेंगदाणे, फुटाणे.

आता येते खऱ्या अडचणीकडं, म्हणजे आबांकडं. तुझे सासरे दुपारी पारावरून येताना नातवासाठी दोन पुडे आणतात आणि संध्याकाळी त्याच्या हातावर दहा रुपये ठेवतात. तू सून. तुझी बोलायची सोय नाही. बोललीस तर “आमच्या पैशाचं खातोय, तुझ्या बापाचं नाही,” हे ऐकायची तयारी हवी. म्हणून तू गप्प बसतेस आणि राग पोरावर काढतेस.

माझं ऐकशील तर आबांना ‘देऊ नका’ असं म्हणूच नकोस. त्या माणसानं दुष्काळात लाल ज्वारी खाल्लीय. त्याला आता नातवाला दुकानातलं खायला घालता येतं, ह्याचं त्याला किती अप्रूप असेल! ते काढून घेतलंस तर तो दुखावेल आणि चोरून देईल. त्यापेक्षा देणं तसंच राहू दे, वस्तू बदल. “आबा, बाजारातून येताना याला पेरू आणत जा, तुमच्या हातचं खातो तो, माझ्या हातचं नाही खात.” एवढं बोलायला काय जातंय? आणि ते खरंही आहे. आठवडी बाजारात दहा रुपयांत हंगामाप्रमाणं बोरं येतात, पेरू येतात, केळी येतात, सीताफळाच्या दिवसांत सीताफळं येतात. फुटाण्याचा पुडा हासुद्धा पुडाच. दहा रुपयांचं म्हणशील तर आबांनाच सांग, की हे डब्यात टाका, पोळ्याला याला सायकलची घंटी घेऊ. नातू रोज आबांसमोर नाणं टाकेल. आबांना तेवढंच हवं असतं, की पोरगं आपल्याजवळ यावं.

आणि सगळंच बंद करू नकोस. आठवड्यातून एक दिवस ठरव. त्या दिवशी काय हवं ते खा म्हणावं, शेगावला गेलात तर कचोरी खा, लग्नात गेलात तर जिलेबी खा. बंदी घातलेली वस्तू लेकरू दुसऱ्याच्या घरी जाऊन दुप्पट खातं.

दीर-नणंदांना, मामाला, मलाही हेच लागू. माहेरची माणसं आली की पिशवीत काय घेऊन येतात बघ. ते तू त्यांना आधी फोनवर सांगायचं, दारात नाही.

जेवणाचं फार काही नवीन शिकायची गरज नाही, आपलं आहे तेच चांगलं आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, मुगाची उसळ, ताक, मुठीनं शेंगदाणे. फक्त पोरासाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं शिजवू नकोस. ताटात जे पडेल ते सगळ्यांनी एकत्र बसून, टीव्ही बंद करून खायचं. आधी भूक लागू दे. दोन जेवणांच्या मधे आबांच्या पेरू-फुटाण्यांशिवाय काही मिळत नाही हे एकदा कळलं, की चौथ्या-पाचव्या दिवशी भाकरीही गोड लागते. ते तीन-चार दिवस काढणं अवघड असतं, घरात रडारड होते, सासूबाई तुला निर्दयी म्हणतात. तेवढे काढ. ताट पुसूनच उठायचं हा आग्रहही सोड. पोट भरलं म्हणतोय तर भरलं असेल.

तेलाचं मात्र तुझ्या हातात आहे. डॉक्टर लोक ढोबळपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल धरतात. तुम्ही घरात लहानमोठी सहा माणसं. म्हणजे पंधरा किलोचा पिपा पाच महिन्यांच्या वर पुरायला हवा. तुमच्याकडं किती दिवस पुरतो? नको, मला नको सांगूस.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. पोराला उपाशी ठेवू नकोस, ‘डाएट’ करू नकोस आणि त्याचं वजन कमी करायच्या मागं लागू नकोस. तो वाढीच्या वयात आहे. बहुतेक लेकरांच्या बाबतीत वजन आहे तिथं थांबवलं तरी पुरतं, उंची वर जाते आणि अंग आपोआप सुटसुटीत होतं. वर्षभर काटा तिथंच राहिला तर ती हार नाही, जिंकलीस तू. आणि ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘भोपळा’ हे शब्द घरात नकोत. प्रेमानं म्हटलेलेसुद्धा नकोत. पोरींना तर लोक लगेच लग्नावर नेतात, “आत्ताच अशी, पुढं कोण करणार?” असल्या बोलण्यानं कुणी बारीक झाल्याचं मी बघितलं नाही. ती पोरगी रात्री लपून खाते आणि शाळेत मैदानावर जायचं सोडते, एवढंच होतं.

मैदानावरून आठवलं. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांनी रोज एक तास घाम येईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्या लहानपणी ते सांगावं लागत नव्हतं. लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू, शेतात डबा पोचवायला जाणं, विहिरीवरून येणं, यातच दिवस जायचा. आता शाळेची गाडी चौकातून नेते, चौकात आणून सोडते, मग शिकवणी, मग मोबाईल. कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाकायला पण मोटरसायकल काढतात. निदान तेवढं तरी पोराकडून चालत करवून घे. दळण, दूध, दुकानातलं मीठ, सगळं त्याच्यावर सोपव. गाडीवाल्याला सांगून त्याला चौकाच्या आधीच उतरव, पुड्यांचं दुकानही टळेल. सुट्टीत लोणारला नेलंत तर सरोवरापर्यंत खाली उतरवा आणि चढून वर आणा. वरूनच फोटो काढून घरी येऊ नका. शेजारच्या पोरीला खेळायला बोलव, तुझ्या धाकटीलाही दोरी दे. पोरींना घराबाहेर सोडत नाहीत म्हणून त्या जास्त बसून राहतात, हे कुणी बोलत नाही.

झोपेचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला नऊ ते बारा तास झोप लागते. घरात मालिका संपेपर्यंत दिवा चालू, मग बापाच्या मोबाईलवर रील, अकरा वाजतात आणि सकाळी सहाला उठवायचं. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते आणि ती भूक भाकरीची नसते, गोडाची आणि तळलेल्याची असते. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, सगळ्यांचा. पोराच्या बापाचासुद्धा, हे तू सांग, मी नाही सांगणार.

डॉक्टरकडं कधी जायचं ते ध्यानात ठेव. मानेवर काळपट पट्टा असेल, झोपेत घोरत असेल किंवा श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, सारखी तहान लागून लघवीला जास्त होत असेल, गुडघे किंवा मांड्या दुखत असतील, तर थांबू नकोस. आणखी एक खूण आहे. जाड असून वयाच्या मानानं उंचही असलेलं लेकरू बहुधा जास्त खाण्यामुळं जाड असतं. जाड आहे पण वर्गात सगळ्यांत बुटकं आहे आणि उंची थांबलीय, तर थायरॉईड किंवा दुसरं काही तपासायला हवं. ‘थायरॉईडमुळंच असेल’ हे आपल्याला ऐकायला बरं वाटतं, पण तशी लेकरं थोडी. वजन-उंचीचे तक्तेही भारतीय मुलांचेच बघायला सांग. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ते 2015 साली नवे केले, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांच्या पुढाकारानं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा येतं. 2013 साली आपल्या पालघरमधूनच त्याची सुरुवात झाली. ते आले की पोराला त्या दिवशी घरी ठेवू नकोस आणि कार्डावर काय लिहिलंय ते वाच.

धाकटीचं एक राहिलंच. ती बारीक आहे म्हणून तू मेडिकलमधून भूक लागायचं औषध आणतेस ना? त्यातलं जे सर्रास देतात, सायप्रोहेप्टाडीन, ते मुळात ॲलर्जीचं औषध आहे. ते दिलं की झोप येते, भूक वाढते आणि बंद केलं की पुन्हा पहिल्यासारखं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर आणू नकोस. आणि थोरल्याच्या ताटात जे वाढशील तेच तिच्या ताटात वाढ. तिला पुडा आणि त्याला पेरू, असं करशील तर दोघंही बिघडतील. बारीक लेकराला पण पुड्यानं काही मिळत नाही, आणि याज्ञिकांनी मापलेली खेड्यांतली बाळं तर तुला सांगितलीच.

शेवटी शाळा. 2020 साली झालेल्या अन्नसुरक्षेच्या नियमानुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. तुमच्या शाळेसमोर काय आहे ते तुलाच माहीत. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते, 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. पुढच्या सभेत हा विषय काढ. दुकानदार गावातलाच असणार, ओळखीचा असणार, कदाचित भाऊबंदच असेल, म्हणून त्याला बंद कर म्हणू नकोस. पुढं फुटाणे, शेंगदाणे, केळी लाव म्हणावं, पुडे मागं ठेव. आणि एकटी जाऊ नकोस. गल्लीतल्या दोघी-तिघींना आधी घरी चहाला बोलाव, त्यांच्या पोरांच्या पोटाभोवती पण दोरा फिरवून बघा, आणि मग सगळ्या मिळून जा.